पाहून राह्यलो

आमच्या घरी फोन नाही. खाली घरमालकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, तिथं आहे. मे महिन्यात एका सकाळी मालकांनी जिन्यातून हाक मारून मलकापूरहून ट्रंक कॉल असल्याचं सांगितलं, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खाली गेलो. पलीकडे दिनकर होता, गुलाबचा धाकटा भाऊ. एखाद्या अडत्याच्या दुकानातून बोलत असावा, मागे हमालांचा गलका चालू होता. तो म्हणाला, "भाऊ, दादा जाऊन राह्यला." आणि मी विचारलं, "कुठं?"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्याकडे 'मी जेवून राह्यलो' म्हणजे मी जेवतो आहे. 'गाडी येऊन राह्यली' म्हणजे गाडी येते आहे. 'दादा जाऊन राह्यला' म्हणजे दादा चालला... अजून आहे, पण चालला. मी उंद्रीचा. चिखली तालुक्यात जन्मलो, वाढलो, ह्याच बोलीत रडलो आणि भांडलो. हे वाक्य मला कुणी समजावून द्यायला नको होतं. पण इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर माझ्या कानाला ते पुणेरी ऐकू आलं. गुलाब कुठंतरी गेला आणि तिथंच राहिला, असं. उन्हाळ्याची सुट्टी, त्यात गुलाबला भटकायची हौस. मला वाटलं, गेला असेल बऱ्हाणपूर-बिऱ्हाणपूरला.  माझं 'कुठं' ऐकून दिनकर "भाऊ, तुमी या," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी वर जाऊन उरलेली दाढी पूर्ण केली. बायकोने विचारलं, काय झालं, तेव्हा तिला सांगता सांगता मला त्या वाक्याचा अर्थ लागला.

मी पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. कावीळ झाली होती, आठवडाभरात बिघडली. गुलाब माझ्याच वयाचा, म्हणजे काही वय नव्हे. मलकापूरच्या एका शाळेत शिक्षक होता. त्याच्या दारात चपलांचा ढीग होता, त्यात विद्यार्थ्यांच्याच जास्त. सुशीलावहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊजी, जेवले का तुमी?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. नंतर सगळ्यांबरोबर स्मशानात गेलो, सगळ्यांबरोबर परत आलो, संध्याकाळी स्टेशनवर जाऊन परतीच्या गाडीची चौकशीसुद्धा केली. रडू आलं नाही. लोकांनी पाठीवर हात ठेवले, मी त्यांच्या पाठीवर ठेवले. आत काही हललं नाही. अजूनही हललेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. त्याच्याकडून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती अर्धीच कळली. त्या वर्षी पुण्याहून परत जायचं त्याने ठरवलं, ते बरोबर होतं का?

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं मॅट्रिक झालो. उंद्रीतून चिखलीच्या शाळेत एकाच सायकलवर जायचो. सायकल माझी, पाय गुलाबचे. दोघांनाही बऱ्यापैकी मार्क पडले, तेव्हा गावाने परस्पर ठरवून टाकलं की पोट्टे अमरावतीला जाणार. आधीचे तिकडेच गेले होते. माझे मामा पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते, त्यांचं पत्र आलं की मधूला इकडे पाठवा. झालं, माझ्या घरात दोन तट पडले. गुलाबच्या घरी तट वगैरे नव्हते. त्याचे वडील म्हणाले, तुले जिकडं जाचं तिकडं जाय, पण एकदा गेला तं तीन-चार साल धड राह्य, मधातून पळून येऊ नको. गुलाबने ते फारच मनावर घेतलं. तो मला म्हणाला, "आपल्या इथं पोरगी पाह्यल्याशिवाय लगीन करते का कोनी? मंग कॉलेज काऊन न पाहता घ्याचं बे?" कॉलेज पाहायला जायचं, हे उंद्रीत कुणी ऐकलेलं नव्हतं. चहापोह्यांना बसणार का रे, म्हणून पारावर त्याची भरपूर थट्टा झाली. तो म्हणे, बसू. मेसमध्ये पोहे भेटले तं तेही खाऊ.

अमरावती तो एकटाच पाहून आला, मला ताप होता. आल्यावर माझ्या खाटेवर बसून त्याने सविस्तर वृत्तांत दिला. पोट्टे चांगले, पहिल्याच दिवशी गळ्यात हात टाकतात. मेसची भाजी तिखट, आपल्यासारखी. वर्गात मात्र मास्तर नोट्स सांगतात आणि पोरं उतरवून घेतात, तास संपला की सगळे हात झटकतात. "करमते तं लय," तो म्हणाला. "पन डोक्याले काम नाही." मग माझा ताप उतरल्यावर आम्ही दोघं पुणं पाहायला निघालो. बुलढाण्याचा घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वे, मनमाडला गाडी बदलून पुणं. मामांकडे उतरलो. मामा रोज सकाळी कचेरीत जाताना आम्हाला ताकीद द्यायचे की कुठे भलतंसलतं बोलू नका. भलतंसलतं म्हणजे काय, ते आम्हाला लवकरच कळलं.

कॉलेजचं नाव घेत नाही, कारण मी आता तिथंच नोकरीला आहे. पहिल्या दिवशी गुलाब थेट वसतिगृहात शिरला. खोल्यांमध्ये डोकावत, नळ उघडून बघत, पोरांना "इथं करमते का?" विचारत फिरत असताना रेक्टरांनी पकडलं. काय हवंय, म्हणाले. गुलाब अदबीने म्हणाला, "काही नाही सर. कॉलेज पाहून राह्यलो." रेक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "पाहून राहिलात? कुणाच्या परवानगीनं राहिलात? कुठल्या खोलीत?" गुलाबला काही कळेना. तो म्हणाला, "नाही सर, आत्ता तं येऊन राह्यलो." त्यावर रेक्टरांनी शिपायाला बोलावलं आणि दोन परगावची मुलं वसतिगृहात चोरून राहिली आहेत, त्यांचं सामान शोध, असा हुकूम सोडला. आमचं सामान मामांकडे. शिपाई बिचारा तळमजल्यापासून शोधत निघाला. जमलेली पोरं हसून हसून खाली बसायची बाकी होती. गुलाबने मात्र शांतपणे खुलासा केला, "सर, राह्यलो म्हंजे राह्यलो नाही. पाहनं चालू हाये." रेक्टर शेवटी हसले आणि त्यांनी आम्हाला मेसमध्ये जेवायला घातलं. आमटी गोड होती. गुलाबने ती ताटाच्या कडेला सारून ठेवली आणि मला हळूच म्हणाला, "हा एक वांधा हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. शिकवायला एक उंच, किडकिडीत सर होते, ते बोलताना खडू हातातल्या हातात फिरवायचे. विषय किमतीचा होता. पीक उदंड आलं की भाव कोसळतो आणि पिकवणाऱ्याच्या हातात कधीकधी आधीपेक्षाही कमी पैसे पडतात, असं ते सांगत होते. गुलाब उभा राहिला. आम्ही त्या वर्गाचे नव्हतो, मी त्याचा सदरा खाली ओढत होतो. तो म्हणाला, "सर, पीक जास्त आलं तं पिकवनाऱ्याचं वाईट काऊन होते?" वर्गात हशा पिकला. 'काऊन', म्हणजे आमचा 'का', हा शब्द बाकाबाकावरून फिरला, कुणी कावळ्याचा आवाज काढला. गुलाबचे कान तांबडे झाले, पण तो बसला नाही. सर थांबले. हसणाऱ्यांना गप्प बसा म्हणाले नाहीत, स्वतः हसलेही नाहीत, नुसता खडू फिरवत हसू संपायची वाट बघत उभे राहिले. ते संपल्यावर गुलाबला विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं. कापूस, मलकापूरला जातो, तो म्हणाला. आणि मग सरांनी उरलेला तास मलकापूरच्या बाजारात काढला. गाड्या किती आल्या, घेणारे किती, ज्याच्याकडे कोठार नाही तो थांबू का शकत नाही, माणूस दुप्पट धोतरं का नेसत नाही... फळा भरला. मी पुढे खूप तास ऐकले, स्वतःही घेतले. त्या तोडीचा तास मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात दोन-तीन पोरांनी 'काऊन, काऊन' करत आमची वाट अडवली. तशी दुष्ट नव्हती, त्या वयात असतात तशीच. गुलाब त्यांच्याकडे बघून हसला आणि बाजूने निघाला. 

परत येताना मलकापूरला उतरलो, चिखलीची बस मिळायला वेळ होता. स्टेशनबाहेर कापसाच्या गठाणी रचलेल्या होत्या, त्यांच्यावर चढून बसलो. तिथं त्याने ठरवलं. म्हणाला, "शिकवनं पुन्याचंच. त्याच्यात शक नाही. पन मध्या, मी तिथं राह्यलो तं मले दोनदा शिकाव लागन. एकदा ते शिकवतात ते, अन् एकदा माहं तोंड. मी येवढा हुशार नाही बे. एकातच मरून जाईन." मी म्हणालो, मग मीही अमरावतीला येतो. त्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू काऊन येतं? तुहं तिथं जमते. तू तिसऱ्याच दिवशी 'का' म्हनाले लागला." हे मला ठाऊकच नव्हतं. चिडून नाही म्हणाला तो, हेवाही नव्हता. बैल जोखावा तसं मला जोखून त्याने निकाल दिला. त्यात काही खोटं नव्हतं. बस आली, आम्ही मागच्या सीटवर बसलो आणि घाट येईपर्यंत दोघांनाही झोप लागली.

मी पुण्याला गेलो, तो अमरावतीला. तिथं त्याला भरपूर करमलं, चार वर्षं मजेत गेली, नाटकात कामं केली, निवडणूक हरला, सुशीलावहिनी तिथंच भेटल्या. मग मलकापुरात शिक्षक झाला. आणि नोकरी लागल्याच्या पहिल्याच जूनमध्ये मला त्याचा निरोप आला, येऊन राह्यलो. आला तो मॅट्रिक झालेली पाच-सहा मुलं घेऊन. त्यांना कॉलेज दाखवायचं होतं. मग दर जूनला तेच. आधी अमरावती, नागपूर, औरंगाबाद, शेवटी पुणं. माझं लग्न झाल्यावर तरी थांबेल असं वाटलं होतं. उलट त्याने येताना दोन सतरंज्या आणल्या आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, ह्या दरवाज्याच्या मांगं राहू द्या. दर साली कुठं वाहत आनू?" ती पुण्याची. पहिल्या वर्षी तिने कपाळाला हात लावला, दुसऱ्या वर्षापासून जूनमध्ये डाळ-तांदूळ जास्त भरू लागली.

रात्रीच्या जेवणाआधी तो मुलांना ओळीने बसवून समजावत असे. रविवारी मेस पाहू नका, रविवारी गोड असते, त्याच्यावर भुलू नका. बुधवारची भाजी खा. नव्या पोरांना विचारू नका, त्यांना सगळंच छान वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या पोराला विचारा. ग्रंथालयात एक पुस्तक मागा आणि देणाऱ्याचं तोंड पाहा. इमारतीकडे पाहू नका, तुमाले इमारतीत संसार कराचा नाही. आणि शेवटी त्याची ठरलेली परीक्षा. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, काही कळलं नाही की उभं राहायचं, आणि आपल्या बोलीत विचारायचं, काऊन. "हसतीन," तो सांगे. "हसू सगळीकडंच येते, त्याले भेऊ नका. हसू संपल्यावर मास्तर काय करते, थे पाहा." मग त्यातलं कुणी पुणं घेई, बरेच जण नागपूर, काही अमरावती. तो कुणाला काही सुचवत नसे. एकदा एका मुलाने विचारलं, सर, तुम्ही कोणतं घेतलं असतं? गुलाबने त्याला वाढायला उठवलं.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मी त्याला विचारलंच. मुलं झोपली होती, आम्ही गॅलरीत बसलो होतो. इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. मी म्हणालो, "गुलाब, तू तेव्हा इथंच राहिला असतास तर?" तो हसला. "जो बैल घेतलाच नाही, त्याचं चालनं मी काय सांगू?" मला वाटलं, टाळलं त्याने. पण जरा वेळाने आपणहून बोलला. "कधी कधी वर्गात एखादं पोट्टं उभं राह्यते, म्हंते सर, काऊन? अन् मले उत्तर येत नाही. पुस्तकात जेवढं हाये तेवढं सांगतो. त्या टायमाले वाटते... त्या सरांपाशी तीन साल बसलो असतो तं आलं असतं." मग थांबून म्हणाला, "पन तिथं राह्यलो असतो तं त्या पोट्ट्याच्या तोंडाचं काऊन मले ऐकू आलं असतं का, थेही सांगता येत नाही."   तो उठला, मुलांच्या अंगावरची पांघरुणं सारखी केली आणि झोपला. आमची ती शेवटची भेट.

ह्या वर्षी जून आला तेव्हा बायकोने नेहमीसारखे डाळ-तांदूळ जास्त भरले.  कोण येणार होतं? महिन्याच्या शेवटी एका सकाळी दार वाजलं. बाहेर एक मुलगी, तिचा थोरला भाऊ आणि आणखी एक मुलगा. मुलीचं नाव विमल, रोहिणखेडची, मलकापूरला गुलाबच्या वर्गात होती. म्हणाली, "सरांनी सांगतलं होतं, जूनमंदी पुन्याले जाचं. मंग आमी आलो." आत आल्याआल्या तिच्या भावाने न विचारता दरवाज्यामागे हात घातला आणि सतरंज्या काढल्या. कुठं आहेत ते त्यांना सांगून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती तिघं माझ्याच वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली. वर्षाचा पहिलाच तास. माणसाच्या गरजा अमर्याद असतात आणि साधनं मर्यादित असतात, हे वाक्य मी दर वर्षी ह्या तासाला सांगतो आणि पुढे जातो. विमल उभी राहिली. ओढणी घट्ट धरून म्हणाली, "सर, गरजा अमर्याद काऊन असतात? माह्या मायच्या तं नाहीत." वर्ग हसला. अगदी तसाच, बाकाबाकावरून. मी खडू हातात घेऊन उभा होतो आणि मला स्वच्छ कळत होतं की परीक्षा माझी चालली आहे आणि ती घेणारा इथं नाही. हसू संपायला फार वेळ लागला. खरं सांगायचं तर मला तिचं उत्तर येत नव्हतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी तिला म्हणालो, "बस. सांगून राह्यलो."

 सरांना हसावं की नाही, ते पोरांना ठरवता येईना. मग मी विमलच्या आईच्या घरात काय काय आहे, ते विमललाच विचारत गेलो आणि फळ्यावर लिहीत गेलो. तिला काय हवं आहे, काय हवं असून ती बोलत नाही, काय हवंसं वाटायचं तिने सोडून दिलं आहे... तास संपला तेव्हा उत्तर पुरतं झालेलं नव्हतं. चांगला झाला की वाईट, मला सांगता येणार नाही. गुलाबला विचारलं असतं.

निघायच्या दिवशी तिघांनी सतरंज्या झटकल्या, गुंडाळल्या आणि होत्या तिथं दरवाज्यामागे उभ्या करून ठेवल्या. बायकोने वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या. मी विमलला विचारलं, "ठरलं का?"

"नाही सर. अजून पाहून राह्यलो," ती म्हणाली. पिशवी खांद्याला लावली, पायांत चपला सरकवल्या आणि उंबऱ्याबाहेर वळून म्हणाली, "सर, जाऊन राह्यलो आमी."

ह्या वेळी मी 'कुठं' विचारलं नाही. या, म्हणालो.